मगरीचा आवाज

ताटातले मूग आपण होऊन चालू लागले तेव्हा देल्फिनला आधी वाटले, अमिहानने ताटाला ढोपर लावले असणार. शुक्रवार होता. शुक्रवारी घरोघर मुगाची आमटी, म्हणून त्यांच्याकडे शुक्रवारचे गणितही मुगाचेच असे. दाणे निवडायचे, दहादहाचे ढीग घालायचे, किडका दाणा वजा करायचा आणि शेवटी सगळे गणित शिजत टाकायचे. देल्फिनला या योजनेचा थोडा अभिमान होता. "पापा, बघ ना, ते स्वतःच चाललेत," अमिहान म्हणाली. तिचे दोन्ही हात मांडीत होते. सहा वर्षांच्या मुलीने इतका वेळ मांडून ठेवलेले ढीग मोडून सगळे दाणे खिडकीकडच्या काठाला जाऊन गोळा झाले, तिथे थबकले, आणि मग बाहेरून कुणी हाक मारावी तसे एकदम दाराकडे निघाले. त्याच वेळी त्याच्या बुडाखालच्या फरशीने सावकाश कूस बदलली. बाराव्या मजल्यावर धक्का असा बसत नाही. मजला आधी विचारात पडल्यासारखा थांबतो आणि मग जातो. देल्फिनच्या पोटातून काहीतरी उसळून गळ्याशी आले. ते तोंडावाटे बाहेर पडायच्या आत त्याचा चेहरा नेहमीसारखा झाला, ओठांचे कोपरे वर गेले, आणि बाहेर आले ते एक गोड, ऐसपैस, बिनघाईचे वाक्य. "कासवं कुठे गेली बरं?" अमिहान खिदळत उठली आणि आतल्या बाजूला पळाली. तिच्या दोन वर्षांच्या भावाला, इस्कोला, काखोटीला मारून देल्फिन जेवणाच्या टेबलाखाली शिरला आणि टेबलाचा पाय धरून बसला. पाय धरता धरता त्याला आठवले, की खेळाच्या नियमाप्रमाणे अमिहाननेही इथेच यायला हवे होते. पण तो नियम जुना होता.

खेळ त्यानेच बसवला होता. शाळेतल्या मुलांकडून भोंगा वाजवून भूकंपाची कवायत करून घेतात. घरी शिकणाऱ्या मुलांकडून ती कोणी करून घ्यायची, या प्रश्नावर बरेच आईबाप झोप घालवतात. देल्फिनने झोप घालवली नाही, खेळ काढला. पातेल्यावर पळी वाजली की मुलांनी कासव व्हायचे, टेबलाखाली जायचे, पाठ गोल करायची, टेबलाचा पाय धरायचा. थोड्याच दिवसांत अमिहानला त्याचा कंटाळा आला, कारण ज्या खेळात कोणी कोणाला खात नाही तो खेळ कसला. म्हणून त्यात मगर आली. मगर घरभर हिंडते, तेव्हा कासवाने नुसते वाकून भागत नाही, लपावे लागते. आणि मगर लबाड असल्यामुळे ती पापाच्या आवाजात हाका मारते: ये गं बाहेर, आइस्क्रीम आणलंय, लवकर ये, पापा बोलावतोय. जे कासव ओ देते ते मगरीच्या पोटात. परक्याच्या हाकेला भुलू नये हे मुलांना कसे शिकवावे, यावरही बरेच आईबाप झोप घालवतात. इथे एका खेळात दोन धडे उरकले होते. मुलांना घरी शिकवणारी सातआठ कुटुंबे अधूनमधून बागेत चटया टाकून जमत आणि आपापली मुले किती मोकळी वाढली आहेत ते एकमेकांना दाखवत. तिथे त्याने हा खेळ करून दाखवला तेव्हा दोन आयांनी तो लगेच उचलला. त्या मंडळींत मुलाने माती खाल्ली तर तिला अनुभव म्हणत. भाताचे माप म्हणजे गणित, झुरळ म्हणजे जीवशास्त्र, वीज गेली तर खगोलशास्त्र. काही म्हणून वाया जात नसे. इतक्या काटकसरी लोकांत देल्फिनची मगर शोभून दिसली.

मगरीचा आवाजही त्यानेच बसवला होता. पापाचा तर वाटला पाहिजे, पण जरासा चुकलेला. त्याने तो घोगरा केला, घाईचा केला, वाक्याच्या शेवटी चढा ठेवला. आवाज बसवणे हा त्याचा धंदाच होता. कॉल सेंटरात नव्याने लागलेल्या पोरापोरींना तो आवाज शिकवी. समुद्रापलीकडचे गिऱ्हाईक आईवरून शिव्या देत असले तरी आवाजातले हसू पुसता कामा नये. त्यासाठी प्रत्येकाच्या टेबलावर छोटा आरसा असे. हसू आरशात दिसले तरच ते तारेतून जाते. रात्रपाळीला तो हे घरूनच शिकवी आणि दिवसा मुलांशी बोलताना तोच आवाज वापरी. त्याला आता आरसा लागत नसे. अमिहान गरम इस्त्रीपाशी गेली तरी तो "अरे वा, इस्त्रीकडे आज पाहुणी आली," असे म्हणे आणि मग तिला उचले. त्याची बायको रोवेना बँकेत होती. ती कधी कधी म्हणायची, "तुझ्याशी भांडायचं म्हणजे आधी एक दाबा, मग दोन दाबा. एकदा तरी माणसासारखा ओरड रे." तो हसे. हसूही त्याच आवाजातले असे.

टेबलाखाली इस्को त्याच्या कानात ओला श्वास सोडत होता. कपाटातल्या बशा एकमेकींना हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या आणि खाली रस्त्यावर मोटारींचे भोंगे मालकांवाचून कोकलत होते. मग बशा गप्प झाल्या. घर थांबले, पण देल्फिनच्या अंगातले हलणे थांबायला तयार नव्हते; होडीतून उतरल्यावर बराच वेळ रस्ताच हलतो तसे. "संपलं," त्याने इस्कोला सांगितले आणि मग हाक मारली, "अमी!" हाक घशाला खरडत निघाली. गिलाव्याची धूळ गेली असेल, असे मनाशी म्हणत तो खाकरला. "अमी, संपलं. ये बाहेर."  इस्कोला कडेवर घेऊन तो आत गेला. पलंगाखाली उशीचा जुना अभ्रा आणि एक बूट होता. कपाटात कपडे होते. दुबईच्या आत्याने सामान भरून पाठवलेले भले थोरले खोके मुलांनी घर म्हणून राखून ठेवले होते. त्या घरात एक बाहुली पाय पसरून बसली होती आणि तिच्या मांडीवर अर्धे बिस्किट होते. बाहुलीचा चेहरा असा होता, की तिला सगळे ठाऊक आहे पण विचारल्याशिवाय ती सांगणार नाही. "अमी! अमिहान, लवकर ये, पापा बोलावतोय!" असे तो म्हणाला, आणि हे वाक्य आपण कुठेतरी ऐकले आहे असे त्याला वाटले, पण ते कुठे हे शोधायला आत्ता जागा नव्हती. कर्ण्यावर पहारेकऱ्याचा आवाज आला: जिन्याने खाली या, लिफ्ट वापरू नका, सामान घेऊ नका. बाहेर सपाता धावू लागल्या. कोणाचा तरी कुत्रा, कोणाचे तरी हसणे, कोणीतरी आपल्या नवऱ्याला विचारत होते की तू गॅस बंद केलास का, आणि नवरा म्हणत होता की आपल्याकडे गॅस नाहीच.

दार उघडेच होते. शेजारची तीता चोलिंग, म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या पोरांची न मागता मिळालेली मावशी, घरगुती झग्यावर मोत्यांची माळ घालून दारात उभी राहिली. भूकंपात माळ तरी वाचवावी असा तिचा हिशेब असावा.

"देल्फिन, तू अजून इथे? पोरगी कुठाय?"

"लपलीये."

"लपलीये म्हणजे?"

"आमचा खेळ आहे, तीता. भूकंप झाला की लपायचं."

तीता चोलिंगने त्याच्याकडे, बाजारात वास मारणाऱ्या माशाकडे पाहावे तसे पाहिले. "आणि बाहेर कधी यायचं ते शिकवायचं राहिलं वाटतं. अभ्यासक्रमात पुढे असेल."

"इस्कोला घेऊन उतराल? मी आलोच तिला घेऊन."

"आण इकडे. बारा मजले उतरायचे, माझे गुडघे देवाच्या हवाली." इस्कोला घेत ती वळली आणि पुन्हा थांबली. "आणि असा ओरडू नकोस रे. कोणाचा आवाज म्हणून मीच घाबरले आधी."

आपण ओरडत होतो हे त्याला तेव्हा कळले. मजला रिकामा होत गेला, पायांचे आवाज जिन्यात खोल खोल गेले, आणि घरात एकटे उरल्यावर त्याने पुन्हा तेच, हाका मारणे आणि शोधणे, सुरू केले, कारण दुसरे काही सुचत नव्हते. तो टेबलाचे खण उघडू लागला. खणात सहा वर्षांची मुलगी मावत नाही हे त्याला दिसत होते. तरी दोन खण उघडून पाहिल्यावर तिसरा न उघडता पुढे जाणे जमेना. आणि तिसरा खण ओढता ओढता त्याला माम पुरिता दिसली. नुएवा एसिहा प्रांतातल्या त्यांच्या गावची शाळा, दुपारचा वर्ग, तो आठ वर्षांचा. त्या वर्षीच्या मोठ्या भूकंपातले त्याला हलणे आठवत नसे. आठवे ते बाईंचे तोंड. माम पुरिता इतकी हळू बोलायची, की शेवटच्या बाकावर तिचे पाढे अफवेसारखे पोचत. ती फळ्यापाशी उभी होती, हातात खडू होता, आणि तिच्या तोंडातून जे निघाले ते तिचे नव्हते, बाईचे नव्हते, माणसाचे असेल अशीही खात्री देता येत नव्हती. गावातल्या कसायाकडे पहाटे डुकराचा जो आवाज येई त्याच्या जवळपासचे काहीतरी होते. पुढे कितीतरी वर्षे झोपेत तो आवाज त्याला शोधत आला. आपल्या मुलांना शाळेत का घातले नाही असे कोणी विचारले की तो साथीचे दिवस सांगे, वर्गातली गर्दी सांगे, मुलाच्या नैसर्गिक कुतूहलाबद्दल बोले; रोवेनाची आई निवृत्त मुख्याध्यापिका होती, ती रविवारच्या जेवणावर हे सगळे ऐकून घेई आणि म्हणे, "बरं, भात वाढ." खरे कारण एवढेच होते. कुठल्या तरी परक्या मोठ्या माणसाचा तसला आवाज आपल्या मुलांच्या कानात कधी जाऊ नये. भीती ही मोठ्यांकडून लागते, गोवरासारखी, आणि आपले घर तेवढे स्वच्छ ठेवायचे. ते त्याने ठेवले होते. या घरात इस्त्री, झुरळ, वादळ, ताप, काही म्हणजे काही घाबऱ्या आवाजात आले नव्हते. पण आवाजानंतर काय झाले? खण हातात धरून तो उभा राहिला. हे त्याने आजवर स्वतःला विचारलेच नव्हते. आवाजाआधी सगळी मुले जागच्या जागी बसून बाईंकडे पाहत होती, फळा हलताना पाहत होती, कोणीतरी सांगेल म्हणून वाट पाहत होती. आवाज झाला आणि सगळ्यांना पाय फुटले. बाहेर पटांगणात, चिखलात, पोरे एकमेकांवर पडली होती. तो कोणाचा आवाज, असे एकाही पोराने विचारले नव्हते. हा विचार त्याला आवडला नाही, आणि आवडून घ्यायला वेळही नव्हता. खण त्याच्या हातातून पायावर पडला.

गॅलरीचे दार उघडे होते. ते सकाळपासून उघडे होते की आत्ता उघडले, हे त्याला सांगता येईना. बाहेर कपडे वाळत होते, अमिहानचा पिवळा झगा दोरीवर होता आणि तो रिकामा होता, आणि झगा रिकामा असणे साहजिकच आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. त्याने कठड्यावरून वाकून पाहिले. आधी लांबचे पाहिले, रस्त्यापलीकडचे, झाडाखाली जमलेली माणसे, मग जवळची गर्दी, मग मोटारी. सरळ खाली, भिंतीच्या पायथ्याशी पाहायचे त्याने जितके टाळता येईल तितके टाळले. मग पाहिले. तिथे एक उलटी पडलेली कुंडी होती. त्याने कठडा सोडला तर हाताचा ओला ठसा लोखंडावर राहिला होता. आणि वळताना त्याला पिंप दिसले.

धुण्याच्या यंत्राशेजारी ते निळे पिंप वर्षानुवर्षे उभे होते. नळाला दुपारी पाणी नसे, म्हणून सकाळी भरून ठेवायचे. झाकणाची मूठ मोडली होती, तेव्हा त्यानेच दोन भोके पाडून त्यांतून दोरी ओवली होती, वर एक फास, आत एक फास. झाकण लावलेले होते. आज पिंप कोणी भरले? रोवेनाने निघण्यापूर्वी? की "तू भर" असे ती म्हणाली होती आणि तो "हो" म्हणाला होता, ज्या आवाजात तो सगळ्याच गोष्टींना हो म्हणे? त्याला नळाचा आवाज आठवत होता, पण तो आजचा की कालचा? मागच्याच आठवड्यात या पिंपात किती मग पाणी मावते असा धडा झाला होता, आणि अमिहानने विचारले होते, कासवांना पाणी आवडतं ना रे, आणि तो म्हणाला होता, फार. पिंपातून काही आवाज येत नव्हता. दोन पावलांवर ते होते. त्याचा हात दोरीपर्यंत गेला आणि दोरीवर पडून राहिला. झाकण उचलले नाही तोवर सगळे शक्य होते; ती खाली असेल, कोणाबरोबर उतरली असेल, पायऱ्यांवर बसून कोणाला तरी मगरीची गोष्ट सांगत असेल. माणूस इतका भित्रा असू शकतो, हे त्याला थोडे लांबून, जणू दुसऱ्या कोणाबद्दल वाटावे तसे वाटले. मग त्याने ओढले. झाकण बोटभर वर आले आणि पुन्हा खाली बसले.

त्याने पुन्हा ओढले. पुन्हा कोणीतरी आतून ओढले.

"अमी! अमी, सोड! सोड ते, मी आहे!" पकड आणखी घट्ट झाली. आतून शब्द नाही, खिदळणे नाही. नेहमीच्या खेळात ती लपली की आधी हसू फुटे आणि मग ती सापडे. आज नुसती दोरी थरथरत होती. त्याने पिंपाला कान लावला. आत श्वास होता, बारीक, भराभर, तोंडावर मनगट दाबून घेतल्यासारखा. ती खेळत नव्हती. एका हिसक्यात झाकण निघाले असते, आणि दोरीबरोबर तिची बोटेही सोलली गेली असती. आणि झाकण निघाल्यावर तिला वर काय दिसले असते? घोगरा, घाईचा, शेवटी चढा. पापाचा, पण जरासा चुकलेला. मगर पिंपाबाहेर उभी होती आणि दोरी ओढत होती, आणि आतले कासव शिकवल्याप्रमाणे, अगदी शिकवल्याप्रमाणे, ओ देत नव्हते. इतका चांगला शिकलेला विद्यार्थी त्याला आजवर मिळाला नव्हता.

त्याने दोरी सोडली आणि तो फरशीवर बसला. समोर धुण्याच्या यंत्राची गोल काच होती. तिच्यात एक माणूस होता, तोंड अर्धे उघडे, कपाळावर गिलाव्याची पांढरी रेघ. देल्फिनने त्या माणसाच्या ओठांचे कोपरे वर उचलले. ते खाली आले. पुन्हा उचलले. खालून कर्ण्यावर पहारेकरी म्हणत होता, बाराव्या मजल्यावर कोणी आहे का. आणखी एक धक्का येईल, नेहमी येतो, आणि आपण इथे बसून ओठ उचलतो आहोत. "अमी," त्याने म्हणून पाहिले, आणि नाव मध्येच फाटले. नावातच खोट होती. ते उच्चारले की आवाज पुन्हा चुकलेला निघे. म्हणून त्याने नाव सोडून दिले आणि काचेतल्या माणसाकडे पाहत, हजारो वेळा शिकवलेले वाक्य म्हटले. "नमस्कार, मी देल्फिन बोलतोय. आज मी आपली काय मदत करू शकतो?"

 मग आतून, पाण्याच्या नव्हे, रिकाम्या पिंपाच्या घुमाऱ्यातून, प्रश्न आला.

"मगर गेली?"

"गेली हं. आपल्या सहकार्याबद्दल आभार."

"नक्की?"

"नक्की."

दोरी सैल पडली.

बारा मजले तो तिला छातीशी घेऊन उतरला. तिचे गुडघे त्याच्या बरगड्यांत रुतत होते, ती जड होती, ती सापडली होती. प्रत्येक वळणावर त्याला पुढची वेळ दिसे. पुढच्या वेळी पिंप भरलेले असेल. पुढच्या वेळी जिन्यात धूर असेल आणि तिला एकाच हाकेत यावे लागेल, आणि हाक तर खरीच निघणार. काचेपुढे बसून ओठ उचलायला वेळ कोण देणार? जो आवाज त्याचा नव्हता, भाड्याचा होता, तोच तेवढा तिच्या ओळखीचा होता, आणि जो त्याचा होता त्याला ती मगर म्हणत होती. ती त्याच्या कानाशी काहीतरी गुणगुणत होती; ते मुगाचे आकडे होते, दहा, वीस, तीस.

खाली मोटारतळावर जत्रा भरली होती. भूकंप होऊन गेला आणि कोणी मेले नाही म्हटल्यावर माणसांना एकदम भूक लागते. ताहोवाला आपल्या दोन डब्यांची कावड घेऊन कुठून उगवला होता कोण जाणे, आणि गरम, लिबलिबीत सोयाच्या खरवसावर गुळाचा पाक ओतत होता. तीता चोलिंग घडीच्या खुर्चीवर बसली होती, इस्को तिच्या मांडीवर, माळेचा एक मोती त्याच्या तोंडात.

"मिळाली का?" ती म्हणाली. "कुठे होतीस गं?"

"पिंपात," अमिहान म्हणाली.

"छान. लोणचं घालायचं होतं वाटतं तुझं." मग देल्फिनकडे न पाहता, "शाळेत असती तर बाईंनी मोजून बाहेर आणली असती."

देल्फिनला उत्तर देण्यासारखे बरेच होते आणि त्यातले काहीच खरे नव्हते. त्याने अमिहानला ताहोचा कप आणि चमचा घेऊन दिला आणि तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"पापा, आज मगर खरी आली होती," ती म्हणाली. "ती रडल्यासारखं बोलत होती. झाकण पण ओढत होती. मी नाही सोडलं."

"तो मीच होतो, अमी."

ती हसली, त्याची जादू फसली की जसे हसत असे तसे, मन राखण्यापुरते.

"खरंच. आज मगर नव्हती. मी घाबरलो होतो."

"तू नाही घाबरत."

"घाबरतो."

"मग तो आवाज काढ."

त्याने घसा खाकरला. आजूबाजूला माणसे होती, पण अडचण त्यांची नव्हती. "अमी, लवकर ये," तो म्हणाला, घोगरे करून, घाईने. तिने मान हलवली. "हे नाटक आहे." त्याने पुन्हा केले, थोडे चढे. "हे पण. हा खेळातला आहे." ती चमचा तोंडात धरून वाट पाहत होती, कडक परीक्षक वाट पाहतो तशी.  आवाज शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःचा एक आवाज काढता येत नव्हता.  "बघ, तो तू नव्हतास," अमिहान समजुतीने म्हणाली. "मी पुढच्या वेळी पण नाही सोडणार. तू भिऊ नको."

तेवढ्यात फोन वाजला, रोवेनाचा. इतका वेळ कोणाचाच फोन लागत नव्हता.

"देल? लागला एकदाचा. मी रस्त्यावर आहे, सगळे रस्त्यावरच आहेत. तुम्ही ठीक ना?"

"सगळं ठीक," तो म्हणाला. कोपरे वर गेले होते, हसू तारेतून जात होते. "मूग तेवढे सांडले."

"इस्को?"

"तीताकडे. तिची माळ खातोय."

"आणि अमी?"

अमी हातभर अंतरावर होती, तिच्या हनुवटीवर पाक ओघळला होता. समोरच आहे, एवढेच म्हणायचे होते. त्याने तोंड उघडले. "सापडत नव्हती," तो म्हणाला. "रो, ती सापडत नव्हती. पिंपात जाऊन बसली होती, आणि मला आठवेचना गं, पिंप भरलं होतं का, तू म्हणालीस का मला भर म्हणून, मी कठड्यावरून खाली पाहिलं..." यापुढचे शब्द एकमेकांना धरून बाहेर पडेनात.

अमिहानने चमचा तोंडातून काढला. ती एक पाऊल मागे सरकली. ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होते ते त्याने आपल्या घरात आजवर कुठेच पाहिले नव्हते. माम पुरिताच्या वर्गातल्या मुलांच्या डोळ्यांत पाहिले असेल. त्याच्या ओठांचे कोपरे इतक्या वर्षांच्या सवयीने हलले. एक श्वास घेतला असता तर तो सावरला असता, आवाज जागेवर आला असता, आणि ती ते मागे गेलेले पाऊल पुढे टाकून पुन्हा ताहो खाऊ लागली असती. "बोल ना, देल," रोवेना म्हणत होती, "मी ऐकतेय, बोल." तो बोलला. झाकण वर आले आणि खाली गेले ते सांगितले, आतला श्वास सांगितला, हात दोरीवर ठेवून आपण किती वेळ नुसते उभे होतो ते सांगितले, घोगरे, घाईघाईने, प्रत्येक वाक्य शेवटाला फाटत, आणि सांगताना तो डोळे पुसत नव्हता आणि अमिहानवरून नजरही काढत नव्हता.  ती पळाली नाही. हा आवाज त्याच तोंडातून येतो आहे का, हे ती ओठ हलताना नीट बघून घेत होती. मग तिने कप खाली ठेवला, तीता चोलिंगच्या मांडीवरच्या इस्कोची हनुवटी पाकाच्या बोटांनी धरली आणि त्याचे तोंड बापाकडे वळवले.

"इस्को, ऐक," ती म्हणाली. "हा पण पापाच आहे."

इस्कोने थोडा वेळ लक्ष देऊन ऐकले, आणि भोकाड पसरले.